पोलीस ठाण्यातील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि विधिमंडळाची जबाबदारी

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ या नावाची, कंपनी कायद्याखाली नोंदलेली आणि संपूर्ण सरकारी मालकीची एक कंपनी नागपुरात स्थापन केली आणि पोलीस दलासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तयार करण्याचे काम तिच्यावर सोपवले. या कंपनीच्या सहभागातून उभी राहिलेली ‘महाक्राइमओएस’ ही प्रणाली आधी नागपुरातील २३ पोलीस ठाण्यांत वापरून पाहण्यात आली आणि डिसेंबर २०२५ मध्ये, मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला मुंबईत आले असताना, ती राज्यातील सुमारे १,१०० पोलीस ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातील उचगाव ज्या गांधीनगर पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते, ते ठाणेही अर्थातच या संख्येत आले. यंत्र ठाण्यात येण्याचा निर्णय अशा रीतीने झालेला आहे. त्या यंत्राने काय करावे, काय करू नये आणि त्याची चूक झाल्यास कोणी जबाब द्यावा, हे ठरवणारा कायदा मात्र विधिमंडळाने अद्याप केलेला नाही. या दोन गोष्टींमधील अंतर हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता या संज्ञेभोवती भीती आणि भाबडेपणा दोन्ही इतके साचले आहेत, की तिचा साधा अर्थ प्रथम सांगणे इष्ट ठरेल. नेहमीच्या संगणकीय कार्यक्रमात प्रत्येक पायरीचा नियम माणसाने लिहून दिलेला असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीत मात्र जुन्या नोंदींचा प्रचंड साठा यंत्रापुढे ठेवला जातो, त्यातील सारखेपणा यंत्र स्वतः हुडकते आणि नवे प्रकरण समोर आले की त्या सारखेपणाच्या आधारे अंदाज बांधते. म्हणजे यंत्राचे उत्तर हा निष्कर्ष नसून संभाव्यता असते, आणि ती संभाव्यता ज्या नोंदींवर उभी आहे त्या नोंदी कोणी, केव्हा आणि कशासाठी केल्या होत्या, यावर तिची किंमत ठरते.

प्रत्यक्ष ठाण्यात ही प्रणाली काय करते, ते पाहू. ऑनलाइन फसवणुकीची फिर्याद घेऊन कोणी आले, तर ठाणे अंमलदाराने नोंदवलेला मजकूर प्रणाली वाचते, त्यातील खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि तारखा वेगळ्या काढते, तपासाच्या पायऱ्या सुचवते आणि बँकेला व मोबाइल कंपनीला पाठवायच्या पत्रांचे मसुदे तयार करून देते. ज्या ठाण्यात एकेका तपासी अंमलदाराच्या टेबलावर प्रलंबित गुन्ह्यांच्या फायलींची चळत असते, तेथे ही मदत लहान म्हणता येणार नाही. फसवणुकीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात काही मिनिटांत फिरतात आणि हाताने लिहिलेले पत्र बँकेत पोचेपर्यंत ते कधीच हाती लागण्यापलीकडे गेलेले असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर-जबलपूर महामार्गावर एका ट्रकच्या धडकेने महिलेचा मृत्यू झाला आणि मदतीला कोणी थांबेना, म्हणून तिच्या पतीला मृतदेह मोटारसायकलवर बांधून न्यावा लागला. त्या प्रकरणात ट्रकवर तांबड्या खुणा होत्या, एवढाच धागा पोलिसांपाशी होता. टोलनाक्यांवरील सीसीटीव्हीचे चित्रण ‘मार्व्हल’च्या प्रणालीतून चाळून घेतल्यावर ३६ तासांत ट्रक आणि चालक सापडले. या उपयोगाला विरोध करणारा माणूस विरळाच.

परंतु घडून गेलेल्या गुन्ह्यातील वाहन शोधणे आणि उद्या गुन्हा कोण करील याचा अंदाज बांधणे, ही दोन कामे वरून सारखी दिसली तरी कायद्याच्या दृष्टीने अगदी भिन्न आहेत. पहिल्या कामात एक घटना आहे, फिर्याद आहे आणि यंत्राचे उत्तर ताडून पाहण्यासाठी प्रत्यक्ष ट्रक आहे. दुसऱ्या कामात घटना घडलेलीच नाही. आहे तो केवळ एक माणूस आणि त्याच्याविषयीचा संशय. जगभरातील वाद या दुसऱ्या कामाविषयी आहे, आणि करवीरच्या भूमीला हे काम नवीन नाही.

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून मुंबई इलाखाही त्याखाली आणला आणि त्यायोगे काही जमातींतील माणसे जन्मानेच संशयित ठरवली. नावे नोंदवहीत घेणे, बोटांचे ठसे घेणे, ठरलेल्या वेळी हजेरी लावणे, गाव सोडताना परवाना काढणे, आणि काहींच्या बाबतीत तारेच्या कुंपणाआड वसाहतीत राहणे, अशी त्या कायद्याची यंत्रणा होती. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव आजही त्या वसाहतीची साक्ष देते. संस्थानी मुलखातही हजेरीची पद्धत होतीच. महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींच्या लोकांनी रोज गावकामगार पाटलापुढे उभे राहायचे, आणि गावात चोरी झाली की ज्यांची नावे हजेरीच्या यादीत त्यांनाच आधी धरायचे, असा तो व्यवहार. ज्याची हजेरी रोज होते, त्याला परगावी रोजगार मिळत नाही. रोजगार नसलेल्या माणसावर संशय वाढतो. आणि वाढलेल्या संशयामुळे हजेरी अधिक कडक होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानातील ही हजेरी बंद केली. यातील महत्त्वाची बाब अशी, की महाराजांनी यादी अधिक अचूक करण्याचा, तीतून सज्जन वगळून दुर्जन ठेवण्याचा खटाटोप केला नाही. यादीच्या आधारे माणसाला रोज उभे करण्याचा अधिकारच काढून घेतला, आणि त्याबरोबर फासेपारध्यांसारख्या लोकांना काम व निवारा दिला. आज एखादी यंत्रप्रणाली पक्षपाती निघाली, की ‘आता तिच्यात सुधारणा केली आहे’ हे उत्तर तयार असते. शाहू महाराजांचा हुकूम त्याहून मूलगामी होता.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न लोकप्रतिनिधींच्या अभ्यासातून सुटला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये आपल्यापुरता तो कायदा रद्द केला. त्याच वर्षी केंद्राने अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, आणि तिच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून तो हटला. मात्र त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या राज्यांच्या कायद्यांनी घेतली, मुंबई राज्याने तसा कायदा १९५९ मध्ये केला, आणि जुनी नावे नव्या वहीत सहज उतरली. तुरुंगांच्या नियमावलींमधील जातीय तरतुदींवर सर्वोच्च न्यायालयाने ‘सुकन्या शांथा’ प्रकरणात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला, तेव्हा विमुक्त जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहण्याची वृत्ती अद्याप गेलेली नाही, याची नोंद न्यायालयाला करावी लागली. म्हणजे कायदा जाऊन ७२ वर्षे झाली तरी त्याने केलेल्या नोंदी आणि त्या नोंदींनी घडवलेल्या सवयी टिकून होत्या. यंत्र शिकते ते नेमके अशाच नोंदींवरून.

दरोडा पडला की पोलीस आधी कोणत्या वस्तीवर कोम्बिंग ऑपरेशन करतात, हे ग्रामीण महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. ज्या वस्तीवर वारंवार छापे पडतात, तेथील अटकांची संख्या वाढते, कारण शोध तेथेच घेतला जातो. ती संख्या संगणकात गेली, की यंत्र त्या वस्तीला धोक्याचे ठिकाण ठरवते. आणि पुढचा छापा पुन्हा तेथेच पडतो, या वेळी मात्र ‘संगणकाने सांगितले’ असे कारण हाताशी असते. अटक ही गुन्ह्याची नोंद नसते, ती पोलिसांच्या कृतीची नोंद असते, हा फरक सांख्यिकीत एकदा हरवला की पुढे कोणत्याही हिशेबात तो परत येत नाही.

अमेरिकेचा अनुभव या संदर्भात उपयोगी पडतो. तेथील काही राज्यांत आरोपी पुन्हा गुन्हा करील काय, याचा अंदाज गुणांच्या रूपात देणारी ‘कॉम्पास’ नावाची खासगी प्रणाली न्यायाधीशांपुढे ठेवली जात होती. २०१६ मध्ये ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने फ्लोरिडा राज्यातील ब्रॉवर्ड परगण्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांनी पुढे गुन्हा केला नाही अशा कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्क्यांवर धोकादायक असा शिक्का बसलेला आढळला. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे २३ टक्के होते. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचे म्हणणे असे, की एकाच गुणाचा अर्थ दोन्ही वर्णांसाठी सारखाच आहे, म्हणून प्रणाली निष्पक्ष आहे. आश्चर्य असे, की आपापल्या व्याख्येनुसार दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे होते. दोन गटांत पुन्हा अटक होण्याचे मूळ प्रमाणच वेगळे असेल, तर गुणाचा अर्थ दोन्हीकडे सारखा ठेवणे आणि निरपराधावर चुकीचा शिक्का बसण्याचे प्रमाणही दोन्हीकडे सारखे ठेवणे, या दोन अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत, हे पुढे संशोधकांनी गणिताने सिद्ध केले. कोणत्या अर्थाने निष्पक्ष राहायचे आणि कोणती चूक कोणाच्या माथी मारायची, याची निवड कोणीतरी करावीच लागते. गणित ती निवड करून देत नाही. मग ती निवड सॉफ्टवेअर कंपनीच्या अभियंत्याने करायची, की ज्याला दर पाच वर्षांनी मतदारापुढे उभे राहावे लागते त्याने, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर लोकशाहीत एकच असू शकते.

हीच गोष्ट चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीत अधिक उघडपणे दिसते. अशी प्रणाली दोन छायाचित्रांतील साम्य टक्केवारीत सांगते, आणि किती टक्क्यांच्या वर साम्य असल्यास ‘तोच माणूस’ मानायचे, ती मर्यादा वापरणाऱ्याने ठरवायची असते. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली दिलेल्या उत्तरात ही मर्यादा ८० टक्के असल्याचे सांगितले. त्याखालील साम्य आढळल्यासही इतर पुरावा पाहून तपास पुढे नेता येतो, असेही त्यातून दिसले. ८० का, ९५ का नाही, याचे कारण कोणत्याही कायद्यात सापडत नाही. अमेरिकेत डेट्रॉइट पोलिसांच्या हातून २०२० मध्ये अशाच चुकीच्या जुळणीमुळे एका निरपराध माणसाला घरासमोर, पत्नी आणि मुलींच्या देखत बेड्या पडल्या होत्या.

राज्याच्या विधिमंडळाला या विषयात हात घालण्याचा अधिकार आहे काय, अशी शंका कोणी घेईल. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पहिली नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि दुसरी पोलिसांची आहे. फौजदारी कायदा आणि प्रक्रिया हे विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल अशा यादीत, मोडतात. न्यायालयीन प्रक्रियेला धक्का लावणारा आणि केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरणारा राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या संमतीवाचून टिकत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले, महिलांवरील अत्याचारांविषयीचे शक्ती विधेयक त्या उंबरठ्यावरच अडले. परंतु आपल्या पोलिसांनी कोणते साधन कसे वापरावे, हे ठरवणे मुख्यतः राज्यसूचीतले काम आहे, त्यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रापाशी याचा स्वतःचा नमुनाही आहे, आणि तो अनेकांच्या विस्मरणात गेला आहे. १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने, म्हणजे मोक्काने, पोलिसांना दूरध्वनी संभाषण चोरून ऐकण्याचा अधिकार दिला, पण तो मोकळा सोडला नाही: प्रत्येक आदेश पुनर्विलोकन समितीपुढे जावा असे सांगितले, आणि वर्षभरात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, याचा अहवाल वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवण्याचे बंधन कलम २७ ने शासनावर घातले. राज्याच्या सुरक्षिततेला बाधक मजकूर वगळण्याची मुभा त्यात आहे, आणि अशा मुभांचा वापर सढळ हाताने होतो हे खरे. तरीही तत्त्व निःसंदिग्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये संभाषण ऐकण्याविषयीच्या या तरतुदी वैध ठरवल्या, त्यामागे या बंधनांचाही वाटा होता. जो कायदा देशातील कठोर कायद्यांपैकी एक म्हणून ओळखला जातो, त्यानेसुद्धा विधिमंडळाला हिशेब देणे मान्य केले असताना, संभाषणापेक्षा किती तरी अधिक माहिती एकत्र करणाऱ्या यंत्राला तो हिशेब माफ का असावा?

समितीने अभ्यास केला की विधेयकाचे रूप बदलते, याचा ताजा दाखलाही आहे. विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. व्यक्ती आणि संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांविषयीची मूळ मोघम भाषा बदलून ती कडव्या डाव्या व तत्सम संघटनांपुरती आखली गेली, आणि तपासाचा अधिकार उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या त्या विधेयकाविषयीचे आक्षेप त्यामुळे संपले असे नाही, आणि ते संपू नयेत. परंतु समिती नसती तर मूळ मसुदाच कायदा झाला असता. ‘मार्व्हल’च्या बाबतीत विधिमंडळाला एक दार तर आधीपासूनच उघडे आहे: ती सरकारी कंपनी असल्याने तिचे हिशेब महालेखापरीक्षकांच्या कक्षेत येतात आणि विधिमंडळाच्या सार्वजनिक उपक्रम समितीला तिच्या कारभाराची तपासणी करता येते. ज्या आमदारांना संगणकशास्त्र कळत नाही असे वाटते, त्यांना करारपत्र आणि खर्चाचा तक्ता नक्कीच कळतो. सुरुवात तेथूनही होऊ शकते.

इतरत्र लोकप्रतिनिधींनी काय केले, हे थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेतील आयडाहो राज्याने २०१९ मध्ये असा कायदा केला, की खटल्यापूर्वी आरोपीच्या धोक्याचा अंदाज बांधणारी प्रणाली वापरायची असेल तर तिची रचना आणि तिची माहिती सर्वांना तपासता आली पाहिजे, व्यापारी गुपिताची सबब चालणार नाही. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये पोलिसांच्या अहवालाचा मजकूर यंत्राने लिहिला असल्यास तसे त्यावर नमूद करणे आणि यंत्राचा पहिला मसुदा जपून ठेवणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने केवळ व्यक्तिचित्रणावरून माणसाच्या भावी गुन्ह्याचा अंदाज बांधणाऱ्या प्रणालींवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच घातली. भारतात केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढून निकाल देण्याच्या कामी अशा साधनांचा वापर निषिद्ध केला. ते न्यायालयाचे धोरण आहे, विधिमंडळाचे नव्हे. आणि केंद्राचा २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठी होणाऱ्या माहितीच्या वापराला आपल्या बहुतेक बंधनांतून सूट देतो, त्यामुळे ज्या ठिकाणी संरक्षणाची गरज सर्वाधिक तेथेच ते सर्वांत पातळ आहे.

पुराव्याचा मुद्दा कोल्हापूरकरांना विशेष जवळचा वाटावा, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसू लागले आहे आणि सहा जिल्ह्यांतील फौजदारी अपिले आता भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या वास्तूत ऐकली जात आहेत. जालन्याच्या २०१४ मधील विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आला की नंतर, हा वाद निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्याच्या चित्रणावर येऊन ठेपला, आणि त्यातूनच सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचा निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने त्या प्रमाणपत्राचा नमुनाच घालून दिला असून त्यावर तज्ज्ञाची सहीही लागते. परंतु ते प्रमाणपत्र सांगते ते एवढेच, की चित्रण जसे होते तसे आहे. त्या चित्रणातील चेहरा अमुक माणसाचा आहे असे यंत्राने कशावरून म्हटले, त्याच्या खालोखाल आणखी किती चेहरे जुळत होते, हे सांगण्याचे बंधन त्यात नाही. पंचाची उलटतपासणी घेता येते, त्याला ‘तेव्हा उजेड किती होता’ असे विचारता येते. यंत्राला पिंजऱ्यात उभे करता येत नाही, आणि दोषारोपपत्रात त्याचा उल्लेखच नसेल तर काही विचारायचे आहे हेही आरोपीच्या वकिलाला कळत नाही.

तडीपारीचे उदाहरण याला जोडून पाहिले म्हणजे धोका स्पष्ट होतो. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ५६ हे मुळात भविष्याच्या अंदाजावर उभे आहे: माणूस गुन्हा करण्याच्या बेतात आहे असे मानण्यास वाजवी कारण असले, आणि साक्षीदार भीतीने पुढे येत नसले, तर त्याला जिल्ह्याबाहेर काढता येते. गणेशोत्सव आणि निवडणुका जवळ आल्या की असे प्रस्ताव प्रांत कार्यालयात गठ्ठ्याने जातात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दीपक डोंगरे प्रकरणात हा उपाय असाधारण असून तो साधकबाधक विचार करूनच योजला पाहिजे, असे बजावले. उद्या त्या प्रस्तावाला यंत्राने दिलेला गुण जोडला गेला, तर विचार अधिकाऱ्याने केला की यंत्राने, हे त्या माणसाने कोणाकडून जाणून घ्यायचे?

यास्तव विधिमंडळाने करावयाच्या कायद्याचा गाभा फार गुंतागुंतीचा नाही. केवळ पूर्वीची नोंद, जात, वस्ती अथवा नातेसंबंध यांवरून व्यक्तीच्या भावी गुन्ह्याचा अंदाज बांधण्यास त्याने मनाई करावी, आणि अटक, झडती वा तडीपारी यांना यंत्राचे उत्तर एवढेच कारण पुरेसे मानू नये. तपासात यंत्र वापरले असल्यास ते कोणते आणि त्याने काय उत्तर दिले, हे दोषारोपपत्रासोबत आरोपीच्या हाती पडले पाहिजे, मसुदा यंत्राचा असल्यास मूळ मसुद्यासह. आणि मोक्काच्या कलम २७ प्रमाणे दरवर्षीचा अहवाल सभागृहापुढे यावा, त्यात चुकीच्या जुळण्यांची संख्याही असावी. तक्रारीसाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही, २०१४ च्या दुरुस्तीने आलेले राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. त्याला यंत्राच्या नोंदी मागवण्याचा स्पष्ट अधिकार दिला म्हणजे पुरे. सर्व १,१०० ठाण्यांत यंत्र रुळल्यानंतर हे नियम करणे अवघड जाईल, कारण तोवर कामाच्या सवयी आणि कंपन्यांचे करार दोन्ही पक्के झालेले असतील.

करवीर तालुक्यातील मतदारांनी आपल्या आमदारांना येत्या अधिवेशनापूर्वी एवढेच विचारावे, की या विषयावर दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमण्याची मागणी ते करणार आहेत काय. अशा समितीसाठी नवा कायदा लागत नाही; सभागृहांचा ठराव पुरतो.